दयेचा नकाशा आणि वारसाहक्क

व्हिक्टोरियन काळातील अनाथगृहांविषयीचे लेखन बहुधा दगडी भिंती आणि दात्यांची नावे यांच्यापाशीच रेंगाळते. माझ्या मते अशा वास्तूचे मूल्यमापन तिच्या दर्शनी भागावरून करता येत नाही. कोणाला आत घेतले आणि काय करून बाहेर पाठवले, हे पाहावे लागते.

जॉर्ज म्यूलर यांनी ब्रिस्टलला १८४९ ते १८७० या काळात पाच प्रचंड गृहे उभारली. दोन हजारांवर मुलांची सोय झाली. पण प्रवेशाची अट होती : मूल विवाहसंबंधातूनच जन्मलेले हवे. १८७६ साली बार्नार्डो यांनी लंडनजवळ बार्किंगसाइडला मुलींसाठी छोट्या घरांचे गाव वसवले. बराकीच्या जागी घर आले, तरी शिक्षण मुख्यतः मोलकरणीचेच राहिले. भूक भागली, पायरी बदलली नाही.

याच काळात, १८६३ साली, जोतीराव फुले यांनी पुण्यात गंजपेठेतल्या आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्रिस्टलने ज्यांना दार लावले, त्यांच्यासाठीच हे दार होते. १८८४ पर्यंत पस्तीस गरोदर विधवा तेथे बाळंत झाल्या. गर्भपातासाठी दिलेल्या विषारी औषधांमुळे बहुतेक मुले दगावली, हेही जोतीरावांनी लिहून ठेवले आहे. आश्रय मागणाऱ्या विधवा ब्राह्मण आणि आश्रय देणारा माळी. दया वरून खाली येते, हा समजच येथे उलटा झाला. १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केले. या गृहाला केवळ 'भूतदया' म्हणणारे समीक्षक हा वारसाहक्क विसरतात.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी, १९०८ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. पाटीवर गव्हर्नरच्या मुलीचे नाव होते. परंतु आतली पोरे चाकरीसाठी नव्हे, शिक्षणासाठी आली होती. हा फरक मूलभूत आहे.

मी घरातला पहिला पदवीधर. चंदगडला माझ्यापुढे बसणारी कित्येक मुले वसतिगृहात राहून शिकतात. कागदोपत्री त्यांना 'लाभार्थी' म्हणतात. या शब्दात अजून ब्रिस्टलची भिंत उभी आहे. वसतिगृह हा उपकार नव्हे. आपल्या वाट्याचा तो हिस्सा आहे. त्याच्या खोल्या, पाणी आणि ग्रंथालय यांची चिकित्सा आपण वारसदारांच्या नजरेनेच केली पाहिजे.