पटावरचे मळे आणि गुलामीचा हिशेब

वसाहतींच्या इतिहासावर रचलेल्या डावपेचांच्या खेळांनी, मग ते संगणकावरचे असोत वा मेजावर मांडायचे, गेल्या तीस वर्षांत व्यापार, जकात, आरमार आणि तहनामे यांच्या चित्रणात मोठी सूक्ष्मता संपादन केली आहे. परंतु ज्या श्रमावर अटलांटिकपलीकडचे मळे उभे होते, त्या श्रमाला नियमांत कोणते स्थान द्यावे, याविषयी ही कला अद्याप चाचपडत आहे.

पुष्कळांनी हा प्रश्न टाळलाच. १९९४ च्या ‘कॉलोनायझेशन’मध्ये ऊस, तंबाखू व कापूस पिकतो, युरोपातून करारबद्ध चाकर आणि किरकोळ गुन्हेगारही येतात, मात्र आफ्रिकेतून कोणीही येत नाही. त्याची २००८ ची नवी आवृत्ती ज्या ‘सिव्हिलायझेशन ४’च्या पायावर उभारली, त्या खेळात तर गुलामगिरीचा नियम होता: नगरातील एक माणूस खर्ची घातला की सामान्यतः ३० श्रममूल्ये तत्काळ पदरात पडतात, दहा फेऱ्यांपुरता असंतोष वाढतो, आणि धान्यकोठार असले की लोकसंख्या लवकरच भरून निघते. जिथे या संस्थेचे प्रयोजन सर्वाधिक, नेमक्या त्या वसाहतींच्या खेळातून तिला वगळावे, हे विचित्रच. आंद्रेआस सायफार्ट यांच्या २००२ सालच्या ‘प्युर्टो रिको’त जहाजातून उतरणाऱ्या तपकिरी चकत्या मळ्यावर ठेवल्याखेरीज नीळ वा साखर निघत नाही, त्यांना मजुरी नाही, मरण नाही, तक्रारही नाही. नफा पदरात पाडून त्याची किंमत दप्तरातून खोडून टाकण्याचा हा प्रकार मला उघड वगळण्याहूनही अधिक आक्षेपार्ह वाटतो. ‘प्युर्टो रिको १८९७’ ही पुढची आवृत्ती कथा १८७३ च्या गुलाममुक्तीनंतरच्या काळात नेते. पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु त्याने मूळ प्रश्न केवळ मागे पडतो.

‘व्हिक्टोरिया ३’ने (२०२२) मात्र हा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला. येथे गुलामांना वेतन नाही, त्यांच्या पोटापुरता खर्च मळ्याच्या खात्यातून जातो, त्यामुळे प्रारंभी लाभ दिसतो. परंतु ज्याच्या हाती पैसा नाही तो बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभा राहत नाही, देशी कारखान्यांच्या मालाला उठाव मिळत नाही, आणि मळ्यांच्या उत्पन्नावर पोसलेला जमीनदारवर्ग राज्यकारभारात इतका प्रबळ होतो की गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा पुढे येताच त्याच्या बंडाची भीती उभी राहते. अमेरिकेत तर यादवीही पेटू शकते. गुलामगिरी ही केवळ मजुरीची पद्धत नसून सत्तेची बांधणी आहे, हे ऐतिहासिक सत्य नियमांतूनच खेळाडूला भोगावे लागते, हे या रचनेचे मोठे यश होय.

तरीही या साऱ्या हिशेबांत मालकाचीच वही उघडी असते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबलेल्या सुमारे १ कोटी २५ लाख माणसांपैकी अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. कॅरिबियन ऊसमळ्यांत जन्मांहून मृत्यू अधिक, म्हणून नवी खरेदी अखंड चाले. आणि सँ-दोमँगमध्ये १७९१ साली उठलेल्या गुलामांनी १८०४ मध्ये हैतीचे स्वतंत्र राज्य स्थापले, ते कोण्या मुत्सद्द्याच्या चुकलेल्या आकडेमोडीमुळे नव्हे, तर स्वतःच्या संकल्पाने. हा संकल्प असंतोषाच्या टक्केवारीत मावत नाही. ब्रायन मायर यांच्या ‘फ्रीडम: दी अंडरग्राउंड रेलरोड’मध्ये खेळाडू गुलामगिरीविरोधकांच्या बाजूचे असतात, एका गुलामाला कॅनडाकडे पुढे सरकवावे तर पाठलागावरचे पकडणारे जवळ येतात, आणि मळ्यांत जागा उरली नाही की नवे आणलेले बळी जातात. नफानुकसानाची तीच कठोर निवड येथे माणसांच्या सुटकेसाठी करावी लागते, म्हणून तिचा भार मनावर राहतो. मात्र येथेही निसटणारा माणूस स्वतः चाल करीत नाही, त्याला दुसराच कोणी हलवतो.

आपल्याकडील खेळकर्त्यांनी या उणिवेकडे लक्ष द्यावे. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपली आणि त्याच मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिट करून नेलेल्या मजुरांत मराठी बोलणारेही होते; त्यांच्या वंशजांनी तेथे आजही मराठी जपली आहे. त्या मजुराच्या हाती चाल देणारा खेळ मराठी माणसाने रचावा, एवढीच माझी विनंती आहे.