नट, प्रश्न आणि पटकथा

आवडत्या नटाचा अभिनय पाहून पटकथा लिहावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या नटापासून नेमके काय घ्यावयाचे, याचा विचार क्वचितच होतो. बहुधा आवाजाची फेक, संथ लय आणि लकबी तेवढ्या उचलल्या जातात, व पटकथा त्या लकबींसाठी प्रसंग जुळवीत बसते. डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. कारण ‘नटसम्राट’ (१९७०) मधील स्वगतांनी त्यांची प्रतिमा ठरवून टाकली. वास्तविक पटकथाकारास उपयोगी पडेल असे त्यांचे सामर्थ्य स्वगतात नसून प्रश्नात आहे.

विजय तेंडुलकरांची पटकथा व जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातील मद्यपी मास्तर साखर कारखान्याच्या सत्ताधीशाला एकच गोष्ट विचारतो : मारुती कांबळेचे काय झाले? हा प्रश्न आरंभी नशेतील बरळणे वाटतो. पुढे तो भय उत्पन्न करतो, आणि अखेरीस अवघ्या गावाचा होतो. शब्द तेच राहतात, परिस्थिती मात्र पालटते. कथानकाची गती येथे घटनांवर नव्हे, तर या पुनरुक्तीवर अवलंबून आहे.

याच नटाने राजदत्त यांच्या ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या चित्रपटात गाडगेबाबा साकारले, हा योग अर्थपूर्ण आहे. बाबांचे (१८७६–१९५६) बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा येथे आजोळी गुरे राखण्यात व शेतात राबण्यात गेले. पुढे मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण व धर्मशाळा उभी केली. त्यांचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरे होत. देव किती, असे ते विचारीत. समुदाय ‘एक’ म्हणे. मग गावोगावच्या दैवतांची नावे घेत ते श्रोत्यांकडूनच त्या उत्तराची विसंगती वदवून घेत. पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट सोडूनही या कीर्तनास उत्तम नाट्यरचना होती. उघडपणे निरीश्वरवादी असलेल्या नटाला ही भूमिका परकी का ठरली नाही, याचे उत्तरही येथेच सापडते : श्रद्धा भिन्न असली तरी प्रश्न विचारण्याची वृत्ती समान होती.

तथापि दोहोंतील भेद विसरता येत नाही. कीर्तनकाराला उत्तर ठाऊक असते. तो श्रोत्यांना तेथवर नेतो. मास्तराला उत्तर ठाऊक नसते. तो प्रेक्षकांसह शोध घेतो. संतचरित्रपर पटकथा बहुधा पहिल्या मार्गाने जाते, आणि नायकाच्या विजयाची खात्री प्रथमपासूनच असल्याने तिच्यात संघर्ष उरत नाही. मूर्तिजापूरच्या परिसरातील ही वाक्परंपरा पडद्यावर आणू पाहणाऱ्या नव्या लेखकाने बाबांची बोली अवश्य घ्यावी. पण उत्तर हाती नसताना प्रश्न कसा विचारावा, हे मास्तराकडून शिकावे.

गाडगेबाबांनी कोणाला पाया पडू दिले नाही. आवडत्या नटाविषयीचा आदरही असाच असावा. त्याच्या लकबींची पूजा बांधणारी पटकथा त्याला काहीच करावयास देत नाही. त्याला अवघड प्रश्न देणारी पटकथाच त्याच्या गुणांचा खरा सन्मान करते.