‘जमा’ शब्दाचा पेच : यंत्र-सहायकासाठी साधनवर्णनाची भाषा

हिशेबाच्या संगणक प्रणालीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक कोणते साधन निवडील, हे बहुतांशी त्या साधनाच्या लिखित वर्णनावर अवलंबून असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही अशा वर्णनाची योजना आहे.

मुदखेडच्या एखाद्या व्यापाऱ्याने ‘गल्ल्यातले दहा हजार बँकेत जमा कर’ असे सांगितले, तर? बोलण्यात ‘जमा’ म्हणजे भरणा. कीर्द-खतावणीत मात्र ती ‘नावे’ची विरुद्ध बाजू. पासबुकात जमा दिसणारी रक्कम व्यापाऱ्याच्या वहीत बँकेच्या नावे पडते. टॅलीत ही नोंद ‘रिसीट’ नसून ‘कॉन्ट्रा’ होय. ‘रक्कम जमा नोंदविणे’ एवढ्याच वर्णनावर विसंबल्यास गल्ल्यातील रोख कमी न होता एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी फिटलेली दिसेल.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. जाणत्या कारकुनास प्रतिशब्द पुरतो, कारण त्यामागचा व्यवहार त्यास ठाऊक असतो. यंत्रास मात्र मर्यादाही लिहून द्यावी लागते. ‘स्वतःची रोख स्वतःच्या बँक खात्यात भरल्याची नोंद, गिऱ्हाइकाकडून आलेल्या रकमेसाठी वापरू नये’ हे वर्णन म्हणूनच सरस ठरते.

सारांश, असे लेखन वाणिज्य व मराठी विभागांनी मिळून शिकविणे अगत्याचे आहे.