रिकाम्या खुर्चीचं कौतुक

इंदूरच्या माणिकबाग पॅलेसवरचा कुठलाही लेख वाचा, शेवटी तो किमतीवर येतो. रूलमानचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, ब्रांकूशीचे पक्षी. नावं मोठी, आकडे त्याहून मोठे. मला हे कौतुक अपुरं वाटतं.

1930च्या सुमारास यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडे हे काम सोपवलं. दोघंही तेव्हा विशीतले. त्याच गावातल्या लालबागेत रंगवलेली छतं आणि सोनेरी नक्षी. इथे मात्र काच, धातू, सरळ रेषा. वाचनाच्या खोलीसाठी मुथेसियसने लाल खुर्च्या केल्या आणि दिवे खुर्चीतच बसवले. सगळ्या वाड्यात मला ह्या खुर्च्या जास्त मोलाच्या वाटतात. त्याने आधी वाचत बसलेला माणूस पाहिला, मग खुर्ची काढली.

1980 साली मोनॅकोत ह्या सामानाचा लिलाव झाला. वस्तू संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे गेल्या. वाचायला म्हणून केलेल्या खुर्चीत आता बसायचं नाही, नुसतं बघायचं! वाड्यात केंद्रीय कर खात्याचं ऑफिस आलं. जाणकार ह्याबद्दल हळहळतात. मी तेवढी हळहळत नाही. फायलीत मान घालून बसलेला कारकून त्या खिडकीचा उजेड निदान वापरतो तरी.

आमचं काच मंदिर इथल्याच इतवारिया बाजारात आहे, सर हुकूमचंद शेठांनी बांधलेलं. भिंती, खांब, छत, जिकडे बघावं तिकडे काच. अपरिग्रह सांगणाऱ्या धर्माला एवढा झगमगाट कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. मलाही तो पडतो. पण ती काच भिंतीला चिकटलेली आहे. कुणी उचलून आपल्या दिवाणखान्यात नेऊ शकत नाही. समोरासमोरच्या आरशांत मूर्ती पुन्हा पुन्हा दिसते, ती दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला सारखीच. परिग्रह वस्तूत कमी आणि 'माझं' म्हणण्यात जास्त असतो, हे तिथे डोळ्यांना कळतं.

म्हणून सजावटीच्या मासिकांतली घरं बघताना मी जरा सावध असते. उशा कोनात उभ्या, ओट्यावर फोडणीचा एक शिंतोडा नाही, आणि अख्ख्या फोटोत माणूस नाही. घर सुंदर असावं, त्यात काय वाद? मला फक्त एवढंच विचारायचं असतं, की उजेड कुठे पडतो? सासूबाईंना खुर्चीतून उठताना हात टेकायला जागा आहे का? सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या घराला जेवणाच्या टेबलाशी पश्चिमेची खिडकी हवी. ती बुजवून वर झुंबर टांगणाऱ्या माणसाने घर सजवलं असेल, घरातली माणसं मात्र त्याने पाहिलेली नाहीत.