जुन्या पुलापलीकडचे फ्लॉरेन्स

आपल्या प्रवासवर्णनांतले फ्लॉरेन्स बहुधा १३४५ साली बांधलेल्या जुन्या पुलापाशी संपते. चित्रे पाहिली, पुतळे पाहिले, की लेखक परतीच्या गाडीत बसलाच! माझी तक्रार इथेच आहे. आर्नो नदीच्या काठाने तो पश्चिमेला चालत गेला असता, तर त्याला आपले माणूस भेटले असते.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघे वीस! आर्नो-मुन्योने संगमावर त्यांचे दहन झाले आणि १८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. तिच्याजवळून नव्या वस्त्यांकडे जाणारा तारांच्या आधाराचा पूल १९७८ साली झाला. त्याचे नाव ‘इंडियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा. मान मिळाला, नाव मात्र हरवले.

महाराजांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनला छापविली. हा शेवट तीत महाराजांच्या हातचा कसा असणार? तो लिहिणे पुढच्या प्रवाशांचे काम. तेव्हा तिकडे जाणाऱ्या लेखकाने एक दुपार या नव्या पुलासाठी राखावी, आणि तो हिंदी माणूस कोण, हे वाचकाला नावानिशी सांगावे.