गेटवरचा द्रव : चिप-कारखान्याशी जुळणाऱ्या जैवसंवेदकांची सद्यःस्थिती

क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरमध्ये स्रोत आणि निर्गम या दोन टोकांमधला प्रवाह गेटवरील विद्युतदाबाने कमीजास्त होतो. नेदरलँड्समधील ट्वेंटे येथे संशोधन करणाऱ्या पीट बर्गवेल्ड यांनी 1970 साली या गेटवरचा धातूच वगळला, उघड्या ऑक्साइडला द्रवाचा स्पर्श होऊ दिला आणि द्रवातील आयनांनाच गेटचे काम करायला लावले. ऑक्साइडच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन घेतात किंवा सोडतात, त्यामुळे तेथील प्रभार बदलतो आणि खालच्या सिलिकॉनमधील प्रवाह त्या प्रमाणात हलतो. आयन-संवेदी क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर, म्हणजे इस्फेट, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणाला साध्या मांडणीत एक सैद्धांतिक कमाल मर्यादा आहे : 25 अंश सेल्सिअसला सामू, म्हणजे पीएच, एका एककाने बदलला तर जास्तीत जास्त सुमारे 59 मिलिव्होल्टचा संकेत मिळतो. सिलिकॉन डायऑक्साइड या मर्यादेच्या बराच खाली राहतो, तर टँटलम पेंटॉक्साइड तिच्या अगदी जवळ पोहोचतो.

संकल्पना अर्धशतक जुनी आहे, परंतु ती प्रमाणित सीमॉस प्रक्रियेत, म्हणजे मोबाइलपासून मोटारीपर्यंतच्या चिप ज्या पद्धतीने बनतात त्या पद्धतीत, कशी बसवायची हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्याकडे संशोधन-साहित्याने पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. व्यापारी फॅबमध्ये, म्हणजे चिप-कारखान्यात, प्रक्रियेची पायरी बदलता येत नाही. आरेखकाच्या हाती केवळ मास्कवरील आकृत्या असतात. सोडियम आणि सोने यांसारखी द्रव्ये ट्रान्झिस्टर घडवण्याच्या टप्प्यावर वर्ज्य मानली जातात, कारण त्यांचा अंशमात्र शिरकाव संपूर्ण उत्पादनरेषा दूषित करू शकतो. आणि धातूचे थर एकदा चढले की पुढील कोणतीही क्रिया साधारण 400 ते 450 अंश सेल्सिअसच्या आत उरकावी लागते. जीवशास्त्राला हवे असलेले मीठ, प्रथिने आणि ओलावा यांपैकी एकही गोष्ट या जगात स्वागतार्ह नाही.

या कोंडीतून काढलेली सर्वांत चतुर वाट बार्सिलोनातील संशोधकांनी 1999 मध्ये दाखवली. त्यांनी ट्रान्झिस्टरचे पॉलिसिलिकॉन गेट तसेच ठेवले, धातूच्या थरांमधून ते विद्युतदृष्ट्या चिपच्या माथ्यापर्यंत नेले आणि चिपला ओलावा व ओरखड्यांपासून वाचवण्यासाठी कारखाना जो संरक्षक नायट्राइड थर चढवतोच, त्यालाच संवेदक पृष्ठभाग मानले. प्रक्रियेत काहीही न बदलता इस्फेट तयार झाला. मात्र ही वाट फुकट मिळालेली नाही. संरक्षक थर जाड असल्याने त्याची धारिता कमी पडते, आणि पृष्ठभागावरील बदलाचा थोडाच भाग गेटपर्यंत पोहोचतो. कशालाही थेट न जोडलेल्या या तरंगत्या गेटवर उत्पादनादरम्यान अडकलेला प्रभार प्रत्येक ट्रान्झिस्टरचा सुरू होण्याचा विद्युतदाब वेगळा करून ठेवतो, त्यामुळे एकाच चिपवरील दोन शेजारी संवेदकही सारखे वागत नाहीत. शिवाय नायट्राइडमध्ये द्रव हळूहळू मुरतो आणि मोजमाप तासागणिक सरकत जाते. हा थर पातळ करणे, त्यावर हॅफ्नियम ऑक्साइड चढवणे, किंवा सिलिकॉनची संपूर्ण थाळी (वेफर) उलटी करून मागच्या बाजूने ट्रान्झिस्टर उघडा करणे असे अनेक उपाय झाले आहेत. तैवान सेमिकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या प्रक्रियेतून तयार झालेले दुहेरी गेटचे संवेदक त्यांपैकी अधिक विश्वासार्ह ठरतात, कारण तेथे मूळचे पॉलिसिलिकॉन गेट नियंत्रण सांभाळते आणि मागचा उघडा केलेला पृष्ठभाग द्रवाला सामोरा जातो.

या कलेचे आजवरचे सर्वांत मोठे यश जनुकवाचनात आहे. जोनाथन रॉथबर्ग यांच्या आयन टोरेंट कंपनीने 2011 मध्ये ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सीमॉस चिपवर लाखो सूक्ष्म विहिरी असतात आणि प्रत्येकीच्या तळाशी एक इस्फेट असतो. डीएनएच्या साखळीत नवा न्यूक्लिओटाइड जोडला गेला की एक प्रोटॉन सुटतो. विहिरीतील मण्यावर एकाच तुकड्याच्या असंख्य प्रती असल्याने हे प्रोटॉन एकत्र येऊन सामूत सुमारे 0.02 चा बदल घडवतात. एकामागून एक चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड सोडून कोणत्या विहिरीत केव्हा संकेत उमटतो हे पाहिले की क्रम वाचता येतो, आणि या पद्धतीने वाचल्या गेलेल्या जनुकसंचांपैकी एक चिपवरील ट्रान्झिस्टरांच्या संख्यावाढीचा ‘मूरचा नियम’ मांडणारे गॉर्डन मूर यांचा होता, हा योगायोग नक्कीच नव्हता. एकाच अक्षराची लांब पुनरावृत्ती आली की सहा आणि सात यांतील फरक संकेताच्या उंचीवरून ओळखणे कठीण होते, हा या तंत्राचा ठळक दोष राहिला. तरीही येथे घेतलेला निर्णय मार्मिक आहे : ट्रान्झिस्टरला रेणू ओळखायला सांगितले गेले नाही, तर रसायनालाच प्रोटॉनच्या भाषेत बोलते केले गेले, आणि संवेदकाचे दुबळेपण त्याच्या संख्येने भरून काढले गेले. एकेक संवेदक सदोष असला तरी लाखो संवेदकांची सरासरी आणि पार्श्वभूमीची वजाबाकी सीमॉसला सहज जमते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील क्रिस तुमाझू यांच्या गटाने डीएनएचे प्रवर्धन आणि त्याचे सामूद्वारे मोजमाप एकाच चिपवर केले, तेही याच विचाराच्या दिशेने.

दुसरी शाखा मात्र प्रतिपिंडांद्वारे प्रथिने थेट ओळखण्याच्या मागे लागली, आणि तेथील दाव्यांकडे सावधपणे पाहणे भाग आहे. 2001 मध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारांनी जैवरेणू ओळखता येतात हे दाखवले. 2007 मध्ये येल विद्यापीठातील मार्क रीड आणि तारेक फाहमी यांच्या गटाने अशा तारा सीमॉसशी सुसंगत पद्धतीने कोरल्या. तेथील सुसंगतता पदार्थ व प्रक्रियांपुरती होती. विद्यापीठीय प्रयोगशाळेतील नमुना म्हणजे व्यापारी फॅबमधून निघालेली चिप नव्हे, आणि हा भेद नंतरच्या असंख्य शोधनिबंधांत पुसट होत गेला. मूळ अडचण भौतिक आहे. खारट द्रवातील आयन कोणत्याही प्रभाराभोवती गोळा होऊन त्याचा प्रभाव झाकतात. ज्या अंतरापलीकडे तो जवळजवळ जाणवत नाही ते डेबाय अंतर रक्तासारख्या द्रवात एक नॅनोमीटरहूनही कमी, सुमारे 0.7 ते 0.8 नॅनोमीटर भरते, तर प्रतिपिंड स्वतःच सुमारे दहा नॅनोमीटरचा असतो. पकडलेले प्रथिन त्यामुळे ट्रान्झिस्टरला दिसतच नाही. द्रव शंभरपट पातळ केला तर हे अंतर दहापट वाढते, म्हणून अनेक प्रयोगांत मीठ कमी केले जाते. पण रुग्णाचे रक्त पातळ केलेले नसते. 2018 मध्ये ‘सायन्स’ मध्ये आलेल्या कामात प्रतिपिंडाऐवजी अ‍ॅप्टामर, म्हणजे लक्ष्यरेणू पकडताच आकार बदलणारे लहान न्यूक्लिक आम्लांचे धागे, वापरून खाऱ्या माध्यमातही सेरोटोनिन ओळखले गेले. ही दिशा आशादायक आहे, कारण तेथे लक्ष्यरेणूचा प्रभार नव्हे तर पृष्ठभागालगतच्या धाग्याचे हलणे मोजले जाते.

आणखी एक मर्यादा वारंवार दुर्लक्षिली जाते. पर्ड्यू विद्यापीठातील प्रदीप नायर आणि अशरफुल आलम यांनी 2006 मध्ये दाखवून दिले, की अतिविरळ द्रावणात रेणू विसरणाने संवेदकापर्यंत पोहोचायलाच फार वेळ लागतो. संवेदनशीलतेचा अतिसूक्ष्म आकडा जाहीर करताना त्यासाठी किती वेळ थांबावे लागले हे न सांगणारा निबंध अर्धवटच मानला पाहिजे.

सर्वांत उपेक्षित राहिलेला घटक संदर्भ इलेक्ट्रोड हा आहे. द्रवाचे विद्युतदाब-मूल्य स्थिर धरणारा हा चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा दांडा चिपबाहेर लटकतो. तो चिपवर बसवण्याचे प्रयत्न अनेक झाले, परंतु त्याच्या आतील क्लोराइड हळूहळू झिरपून जाते आणि मोजमापाचा पाया ढळतो. त्यात चिपचा एक भाग ओला आणि तारजोडणीचे काठ पूर्ण कोरडे ठेवावे लागतात, म्हणून अनेक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीचा इपॉक्सी लेप हाताने लावतात. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीकडे 180 नॅनोमीटरची सीमॉस उत्पादनरेषा आहे आणि इस्फेटसाठी त्याहून सूक्ष्म तंत्राची मुळीच गरज नाही, किंबहुना मोठे पृष्ठफळ येथे फायद्याचेच ठरते. म्हणजे भारतात असा संवेदक बनवण्यातील खरा अडसर ट्रान्झिस्टरच्या आकाराचा नसून, फॅबमधून चिप बाहेर पडल्यानंतरच्या लेपाचा, इलेक्ट्रोडचा आणि साठवणुकीत प्रतिपिंड टिकवण्याचा आहे, आणि या तिन्हींसाठी प्रमाणित सीमॉस कारखान्यांकडे सहसा तयार आरेखन-नियमावली नसते.