शोधन की रोपण? : जंतुरोधक जेल-आवरणांविषयीच्या दाव्यांची समीक्षा

प्रास्ताविक

संसर्ग झालेल्या जखमेवर जंतुरोधक द्रव्य मिसळलेल्या जेलचे आवरण घालण्याची पद्धत आता मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित राहिलेली नाही. अशी जेल औषधांच्या दुकानांतून मिळतात आणि महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांतून त्यांवर शोधनिबंधही लिहिले जातात. या लेखनाचा एक साचा बनून गेला आहे. एखाद्या बहुवारिकाचे जेल तयार करावयाचे, त्यात चांदीचे सूक्ष्मकण अथवा कडुनिंबाचा, हळदीचा अर्क मिसळावयाचा, अगरच्या थाळीवर जंतूंची वाढ किती मिलिमीटरपर्यंत रोखली गेली ते मोजावयाचे आणि शेवटी 'संसर्गित जखमांवर उपयुक्त' असा निष्कर्ष नोंदवावयाचा. थाळीपासून जखमेपर्यंतची ही झेप कितपत समर्थनीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निकषाचा प्रश्न

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शोधन आणि रोपण ही स्वतंत्र कर्मे मानली आहेत. दुष्टव्रण आधी शुद्ध करावयाचा आणि मग तो भरून आणावयाचा, असा हा क्रम आहे. यावरून प्राचीनांना जंतुशास्त्र अवगत होते असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु समीक्षेचा निकष म्हणून हा भेद आजही उपयोगी पडतो. 'जंतुरोधक जेल' या एका नावात दोन दावे एकत्र बांधले गेले आहेत. जेल जखम भरून येण्यास अनुकूल स्थिती निर्माण करते, हा रोपणाचा दावा होय. त्यातील द्रव्य संसर्ग हटविते, हा शोधनाचा. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे हा या विषयावरील लेखनाचा मूलभूत दोष आहे.

रोपणाचा पुरावा

जखम ओलसर ठेवल्यास ती लवकर भरते, या विचाराचा पाया जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली घातला. डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमा पॉलिथिनच्या पापुद्र्याने झाकल्या असता उघड्या जखमांच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने त्यांवर नवी त्वचा आली. तत्पूर्वी १९६० साली विख्टरले आणि लिम यांनी पाणी धरून ठेवणारी बहुवारिके शरीरावर वापरण्याची कल्पना मांडली होती. या दोन धाग्यांतून जेल-आवरणे विकसित झाली. मात्र विंटर यांच्या जखमा स्वच्छ होत्या, पू धरलेल्या नव्हत्या, ही बाब पुढील लेखनात बहुधा विसरली जाते.

महाराष्ट्रातील प्रयोगही याच अंगाने पाहावे लागतील. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून १९८५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या आवरणाचा अभ्यास केला व तो २००३ साली प्रकाशित झाला. या दोन्ही प्रयोगांत जंतुनाशक द्रव्याचा गाजावाजा नाही. जखमेला न चिकटणारे, ओल टिकविणारे आणि गरिबाला परवडणारे आवरण हवे, एवढीच त्यांची मागणी होती. पट्टी सोडविताना होणारी वेदना ही गोष्ट गोरे यांच्या अभ्यासात मोजमापाचा भाग होती. रुग्णाच्या दृष्टीने हे परिमाण थाळीवरील मिलिमीटरांहून कितीतरी निकटचे आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे जेल हे याच परंपरेतील प्रगत उदाहरण होय. बहुवारिकाच्या साखळ्या किरणोत्साराने परस्परांशी जोडल्या जातात आणि त्याच प्रक्रियेत बंद पाकिटातील जेल निर्जंतुकही होते. नाशिक जिल्ह्याला हे तंत्र अपरिचित नाही. लासलगाव येथे २००२ साली सुरू झालेले 'कृषक' केंद्र कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांचाच वापर करण्यासाठी उभारले गेले. वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्यासाठी साधारणतः २५ किलोग्रे मात्रा लागते. कांद्याला तिच्या शतांशाहूनही कमी पुरते. येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. निर्जंतुक आवरण आणि जंतुनाशक आवरण या भिन्न गोष्टी आहेत. पहिले जखमेत नवे जंतू नेत नाही. आधीच आत शिरलेल्या जंतूंचा बंदोबस्त करण्याचे आश्वासन ते देत नाही.

शोधनाचा पुरावा

थाळीवरील चाचणीत दिसणारे वर्तुळ द्रव्याच्या सामर्थ्याइतकेच त्याच्या अगरमध्ये पसरण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते. सहज पसरणारे सौम्य द्रव्य मोठे वर्तुळ दाखवू शकते, तर प्रभावी परंतु अडखळत पसरणारे द्रव्य लहान. शिवाय जखम ही थाळी नव्हे. तेथे पू असतो, मृत ऊती असतात, चांदीच्या आयनांना बांधून ठेवणारी प्रथिने व क्लोराइड असतात. दीर्घकाळ चिघळलेल्या जखमेत जंतू सुटे नसून बायोफिल्मच्या चिकट आवरणाखाली वस्ती करून राहतात आणि तेथे ते औषधाला सहजी दाद देत नाहीत. जंतूंना मारणारी मात्रा नव्या त्वचेच्या पेशींनाही अपायकारक ठरू शकते. द्रव्यविरहित जेलशी तुलना आणि मानवी पेशींवरील चाचणी यांवाचून काढलेला निष्कर्ष म्हणूनच अपुरा होय.

रुग्णांवरील अभ्यास अधिक सावध करणारे आहेत. ब्रिटनमध्ये पायांच्या शिराजन्य व्रणांवर चांदीयुक्त आणि साध्या आवरणांची तुलना २१३ रुग्णांमध्ये करण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर व्रण भरण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. खर्च मात्र वाढला. मधुमेही पायाच्या व्रणांबाबत २०१७ सालच्या कॉक्रेन समीक्षेने जंतुरोधक आवरणांचा काही लाभ संभवतो असे म्हटले, परंतु पुराव्याची विश्वासार्हता कमी असल्याचेही नमूद केले. आंतरराष्ट्रीय मधुमेही पाद कार्यगटाच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी तर व्रण भरून आणण्यासाठी अशी आवरणे वापरू नयेत असेच सुचविले आहे.

याचा अर्थ जेल निरुपयोगी आहे असा नव्हे. कोरड्या, मृत ऊतींनी झाकलेल्या जखमेला ते ओलावा देते, मृत थर सैल करते आणि दाह शमविते. परंतु भरपूर स्राव असलेल्या जखमेवर तेच जेल भोवतालची त्वचा भिजवून दुबळी करते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या शेतमजुराच्या तळव्याला द्राक्षबागेत काम करताना काटा रुतला, तर त्याला तो कळतही नाही. अशा जखमेचे शोधन म्हणजे मृत भाग कापून काढणे, पू वाहता करणे, पायावरील भार कमी करणे, रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे, रक्तपुरवठा तपासणे आणि संसर्ग पसरत असल्यास पोटातून वा शिरेतून प्रतिजैविके देणे होय. यांपैकी एकही काम जेल करीत नाही. 'जंतुरोधक' या शब्दाच्या भरवशावर वैद्याकडे जाणे आठवडाभर लांबले, तर त्याची किंमत पायाच्या बोटाने, कधी पायाने मोजावी लागते.

समारोप

एकंदरीत, जेल-आवरणांचे यश रोपणाच्या क्षेत्रातील आहे. शोधनाचे श्रेय त्यांना देणारा पुरावा अद्याप दुबळा आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील संशोधन यामुळे गौण ठरत नाही. जेल किती पाणी धरते, किती स्राव शोषते, द्रव्य किती तासांत सोडते, बायोफिल्मवर काय परिणाम करते, हे प्रश्न मर्यादित साधनांतही हाताळता येतात. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथेच आहे आणि आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोन्ही शाखा त्याच्या कक्षेत येतात. विज्ञान महाविद्यालयांनी चिकित्सकांशी संवाद साधण्यास याहून सोयीचे स्थान क्वचितच मिळेल. मात्र निष्कर्षाचे वाक्य पुराव्याच्या मापाचे असावे. थाळीवर जंतूंची वाढ रोखली गेली, तर तेवढेच लिहावे. 'संसर्गित जखमांवर उपयुक्त' हे शब्द जखमेने सिद्ध केल्याखेरीज लिहिले जाऊ नयेत, कारण ते वाचून निर्णय घेणाऱ्याच्या हाती थाळी नसते, रुग्णाचा पाय असतो.